विक्रमांची वही

ज्याची सारी उमेदीची वर्षे महसूल खात्यात गेली, त्या माणसाने मोटारींच्या शर्यतींवर बोलावयास बसावे, हा योग थोडा विपरीतच म्हणावा लागेल. आमच्या खात्याची आणि वेगाची फारशी ओळख नाही, असे लोक म्हणतात, आणि लोकांचे म्हणणे अगदीच निराधार असते असेही नाही. मी स्वतः मोटार चालवितो, परंतु मागून येणारे वाहन पुढे गेले म्हणजे मला मनापासून बरे वाटते. तरीही आज मी या विषयाकडे वळलो, त्याला कारण एका मुलाची वही आहे. आणि ती वही मला भेटली ती पुण्यात नव्हे किंवा मुंबईत नव्हे, तर दूर कावेरीच्या काठच्या पापनाशम नावाच्या गावी.

गेल्या हिवाळ्यात मी तंजावरास गेलो होतो. बृहदीश्वराच्या मंदिरातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहावा, सरस्वती महालातील मोडी कागदांचे दर्शन घ्यावे, एवढाच हेतू होता. तेथे एका वृद्ध गृहस्थांशी परिचय झाला. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वाढलेले, घरी जुन्या वळणाचे मराठी बोलणारे हे निवृत्त शिक्षक पापनाशमला राहतात. "आपण आमच्या घरी आल्यावाचून परत जावयाचे नाही," असे त्यांनी बजावले, आणि तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या गाडीने मी त्यांच्याबरोबर गेलो.

पापनाशम हे मोजदादीचे गाव आहे, असे मला तेथे गेल्यावर वाटू लागले. तेथील शिवालयात एकशे आठ लिंगे आहेत, आणि भाविक ती मोजीत मोजीत ओळींमधून फिरतात. जवळच्या तिरुप्पालैत्तुरैच्या देवळात नायक राजांच्या काळातले विटांचे, वर निमुळते होत गेलेले धान्याचे प्रचंड कोठार आहे. चहूकडे भाताची खाचरे. त्यांतून आलेला दाणा मरक्कालाने मोजून येथे ओतला जात असेल, आणि कोणी तरी कारकून त्याची नोंद करीत असेल. महसुली माणसाचे मन अशा ठिकाणी रमावे, यात नवल ते काय!

संध्याकाळी गृहस्थांचा नातू शाळेतून आला. वय असेल तेरा-चौदा. मी हिशेबाचा माणूस आहे हे कळताच त्याने दप्तरातून एक जाड वही काढली आणि मजपुढे ठेवली. "मामा, यात चूक आहे का पाहा," एवढेच तो म्हणाला. वहीत होती ती जगातील अव्वल मोटार-शर्यतींतील चालकांची सारणी: नाव, शर्यती, विजय, अजिंक्यपदे, गुण. चालकांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली सुरू झाली; पहिली शर्यत इंग्लंडात सिल्व्हरस्टोन येथे १३ मे रोजी झाली. तेव्हापासूनचा हिशेब या मुलाने सुबक अक्षरांत उतरविला होता.

सर्वांत वर नाव होते लुईस हॅमिल्टनचे. २०२४ अखेर १०५ विजय. त्याखाली मिखाएल शूमाकर, ९१ विजय. दोघांचीही अजिंक्यपदे सात-सात. खूप खाली एक नाव दिसले: हुआन मान्युएल फांजिओ, विजय २४. मी सवयीने विचारले, "याने शर्यती किती केल्या?" उत्तर आले, "५१."

श्रोतेहो, आकड्याखाली छेद कोणता आहे, हे पाहण्याची खोड आम्हा लोकांना जडलेली असते. मी तेथेच भागाकार केला. हॅमिल्टनने ३५६ शर्यतींत १०५ जिंकल्या, शूमाकरने ३०६ मध्ये ९१. म्हणजे दोघांचेही प्रमाण शेकडा तीसच्या आसपास. अकाली मृत्यू पावलेल्या जिम क्लार्कच्या ७२ शर्यती आणि २५ विजय, म्हणजे शेकडा ३५. इटलीच्या आल्बेर्तो आस्कारीच्या ३२ शर्यती, १३ विजय, शेकडा ४१. आणि आर्जेंटिनाच्या फांजिओचे प्रमाण शेकडा ४७! तळातला माणूस क्षणार्धात माथ्यावर गेला. १९५० साली वर्षाकाठी सात शर्यती होत. २०२४ साली चोवीस झाल्या. केवळ विजय मोजले तर पूर्वीच्या चालकांवर अन्याय होतो. केवळ प्रमाण पाहिले तर वीस वर्षे टिकून राहण्याच्या चिवटपणाला किंमत राहत नाही.

गुणांच्या रकान्याची गत याहून बिकट. १९५० साली पहिल्या क्रमांकास ८ गुण मिळत, १९६१ पासून ९, १९९१ पासून १०, आणि २०१० पासून २५. तेव्हा जुन्या आणि नव्या चालकांच्या गुणांची बेरीज शेजारी शेजारी मांडणे म्हणजे आजोबांचा पगार आणि नातवाचा पगार यांची तुलना करून आजोबांना गरीब ठरविणे होय. त्यातच पूर्वी साऱ्या शर्यतींचे गुण धरीत नसत. ठराविक उत्तम निकाल घेऊन बाकीचे सोडून देत. १९८८ साली आलँ प्रोस्तने एकूण १०५ गुण मिळविले आणि आयर्टन सेनाने ९४. परंतु नियमाप्रमाणे उत्तम अकराच निकाल धरले गेले. सेनाचे ९० भरले, प्रोस्तचे ८७. अजिंक्यपद सेनाला मिळाले. नियम दोघांनाही आधीपासून ठाऊक होता आणि सेनाने त्या वर्षी एक शर्यत अधिक जिंकली होती, म्हणून यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. परंतु मोजण्याची रीत बदलली की मोजलेला माणूसही बदलतो, हे ध्यानी घ्यावे.

त्या मुलाने मला एक अपूर्णांकही दाखविला. फांजिओच्या १९५४ सालच्या गुणांपुढे एक सप्तमांश लिहिले होते. ही त्याची चूक नव्हती. त्या काळी सर्वांत जलद फेरीस एक गुण मिळे. सिल्व्हरस्टोनला वेळ मोजणाऱ्यांनी पूर्ण सेकंदापर्यंतच वेळ टिपली, आणि सात चालकांची उत्तम फेरी अगदी सारखी भरली. मग एका गुणाचे सात वाटे केले! ते सातही जण एकाच वेगाने धावले असतील असे कोणी म्हणणार नाही. घड्याळाची नजर तेवढीच होती. पुढे घड्याळे सेकंदाचा हजारावा भाग दाखवू लागली, तरीही १९९७ साली स्पेनमधील हेरेथ येथे पात्रता-फेरीत व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंटझेन या तिघांची वेळ हजारांशापर्यंत एकच निघाली: १ मिनिट २१.०७२ सेकंद. ज्याने ती वेळ आधी नोंदविली तो पुढे उभा राहिला. मोजमाप कितीही सूक्ष्म केले, तरी त्याच्या पलीकडे काही उरतेच.

हे जे उरते ते कधी कधी फार मोठे असते. १९५६ साली मोंझा येथील अखेरच्या शर्यतीत फांजिओची मोटार निकामी झाली. त्याच्याच संघातील पीटर कॉलिन्स या पंचविशीही न ओलांडलेल्या इंग्रज तरुणाला तेव्हा स्वतःला अजिंक्यपदाची आशा होती. त्याने आपली मोटार थांबविली, खाली उतरला आणि ती फांजिओच्या स्वाधीन केली. दुसऱ्या क्रमांकाचे गुण दोघांत विभागले गेले आणि फांजिओ अजिंक्य ठरला. १९५८ मध्ये कॉलिन्स जर्मनीतील शर्यतीत मृत्यू पावला. वहीत त्याच्या नावापुढे होते: विजय ३, अजिंक्यपदे शून्य.

त्याच वर्षीची दुसरी हकीकत स्टर्लिंग मॉसची. पोर्तुगालच्या शर्यतीनंतर त्याचा प्रतिस्पर्धी माइक हॉथॉर्न याने मोटार उलट दिशेने चालविली, असा आक्षेप निघाला, आणि त्याचे गुण जावयाची वेळ आली. मॉसने पुढे होऊन हॉथॉर्नच्या बाजूने साक्ष दिली. गुण वाचले. हंगामाअखेर हॉथॉर्नचे ४२ गुण झाले, मॉसचे ४१. हॉथॉर्नचा त्या वर्षी एकच विजय होता, मॉसचे चार होते. आणि तरी एका गुणाने अजिंक्यपद गेले ते मॉसला पुन्हा कधीच मिळाले नाही.

मुलगा हे सारे जाणत होता. परंतु त्याच्या वहीत कॉलिन्सच्या उतरण्याला आणि मॉसच्या साक्षीला रकाना नव्हता.

मग आम्ही अखेरच्या पानावर आलो. त्या पानावर एकच नाव होते: नारायण कार्तिकेयन. चेन्नईत जन्मलेला, कोइमतूरचा हा तरुण २००५ साली या स्पर्धेत उतरला. तेथवर पोहोचणारा तो पहिला भारतीय. शर्यती ४६, विजय शून्य, गुण ५. आजोबा हसून म्हणाले, "ते पाच गुण कसे मिळाले तेही सांग की मामांना!" मुलगा किंचित वरमला. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे टायर धोक्याचे ठरल्यामुळे वीसपैकी चौदा मोटारी शर्यत सुरू होण्यापूर्वीच बाजूला झाल्या, सहाच धावल्या. त्या सहांत कार्तिकेयन चौथा आला. आजोबांचे म्हणणे, सहांत चौथा, यात कसले कौतुक?

यावर मुलाने मला दुसरी ओळ दाखविली. २६ जून २०११ रोजी स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया येथे चोवीस मोटारी निघाल्या आणि चोवीसही पोहोचल्या. एकही मोडली नाही. कार्तिकेयन चोविसावा आला. इतक्या खालच्या क्रमांकावर शर्यत पुरी करण्याची नोंद त्याच्या नावावर आहे! "पण मामा," तो म्हणाला, "१९९६ साली मोनॅकोला पाऊस आणि अपघात यांतून तीनच मोटारी शेवटपर्यंत धावत राहिल्या. त्या दिवशी जिंकलेल्या ऑलिव्हिए पानीसचा तो एकुलता एक विजय. कुणी कमी म्हणत नाही त्याला. मग चौथ्याला का म्हणायचे? आणि चोविसावा आला तो मोटार शेवटपर्यंत आणली म्हणूनच ना?"

मी निरुत्तर झालो. त्या मुलाने नकळत माझ्या एका जुन्या दुखण्यावर बोट ठेवले होते. ते आपणांस सांगतो.

मी तहसीलदार होतो तेव्हाची गोष्ट. महाराष्ट्रात दरवर्षी गावागावाच्या पिकाची पैसेवारी काढतात. पूर्वी हिलाच आणेवारी म्हणत. ती पन्नास पैशांच्या आत आली, तर त्या काळी गाव टंचाईत धरले जाऊन जमीन महसुलातील सूट आणि इतर सवलतींचा मार्ग मोकळा होई. वर गेली तर नाही. एका वर्षी पाऊस मधेच रुसला. एका लहान गावात पीक-कापणीच्या प्रयोगासाठी चिठ्ठीने जी शेते निघाली, त्यांतील दोन विहिरीच्या पाण्याखालची होती. वजन झाले, हिशेब झाला, पैसेवारी भरली ५१. मी तो हिशेब दोनदा तपासला. त्यात तिळभर चूक नव्हती. मी सही केली.

काही दिवसांनी त्या गावचे एक म्हातारे शेतकरी कचेरीत आले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. टोपी हातात घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, वरचा तो एक पैसा कुणाच्या शेतातला?" मी त्यांना नियम समजावून सांगितला. ते मान डोलावून गेले. कागदाच्या अखेरीस एक रकाना असतो, त्याला आम्ही 'शेरा' म्हणतो. दोन शेते बागायती होती, गावाची उरलेली जमीन कोरडवाहू आहे, फेरतपासणी इष्ट, एवढे तीन शब्दसमूह त्या रकान्यात लिहिण्याचा मला अधिकार होता. त्याने निर्णय फिरला असता की नाही, कोण जाणे. परंतु मी तो रकाना कोरा सोडला होता. माझा आकडा बरोबर होता. अपुरा होतो तो मी.

आकडे खोटे असतात असे म्हणण्याची हल्ली रीत पडली आहे. मला ते मान्य नाही. आकडा नसता तर फांजिओचे मोठेपण मला पापनाशमच्या ओसरीवर बसून कळले नसते. आणि पैसेवारी नसती तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याच गावी सवलत गेली असती. आकडा हा गरिबाचा साक्षीदार आहे. परंतु साक्षीदाराला जेवढे विचारावे तेवढेच तो सांगतो. उरलेले विचारणे आणि लिहून ठेवणे, हे ज्याच्या हाती लेखणी आहे त्याचे काम. मग तो तहसीलदार असो, परीक्षक असो, की वही राखणारा शाळकरी मुलगा.

निघण्यापूर्वी मी त्या मुलाला म्हटले, "तुझ्या सारणीत चूक नाही. फक्त उजवीकडे एक रकाना वाढव." त्याने पट्टी घेऊन रेघ ओढली आणि विचारले, "वर काय लिहू?" मी म्हणालो, "शेरा." त्याला देवनागरी लिहिण्याची सवय नव्हती; त्याने तो मराठी शब्द तमिळ अक्षरांत लिहिला. आजोबांनी चष्मा लावून तो वाचला आणि समाधानाने मान हलविली. मग मुलाने पाने उलटून पीटर कॉलिन्सच्या ओळीवर बोट ठेवले आणि त्या नव्या रकान्यात काही तरी लिहू लागला. काय लिहिले ते मला वाचता आले नाही. गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी विचारलेही नाही.