खेळ माहेरी राहू नये



आमच्या बचत गटातल्या एका काकूंची लेक लग्न होऊन दुबईला गेली. शाळेत ती खो-खो खेळायची. तिकडे खो-खोचं नाव काढणारं कोणी नाही. "खेळ माहेरीच राहिला," असं ती म्हणायची.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेला आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. लेकीनं तो सामना दुबईत मोबाइलवर पाहिला, काकूंनी इथे टीव्हीवर. फोन चालूच होता. खो कधी द्यायचा, खांबाला वळसा कसा घालायचा, लेक सांगत होती. काकू म्हणाल्या, "तू हे असं खेळायचीस? मी एकदाही बघायला आले नाही गं."

मैत्रिणींनो, परदेशातल्या लेकीबरोबर सामना बघणं अवघड नाही. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. लंडनचं हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. दोन्हीकडच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्वयंपाक आधी उरका आणि घरात सांगून टाका, हे दोन तास माझे.

लेकीला "जेवलीस का?" हे आपण रोज विचारतो. आता "सध्या कुठला सामना बघतेस?" हेही विचारा. आणि जिची लेक अजून इथेच, शाळेच्या मैदानावर खेळतेय, तिनं या शनिवारी जाऊन तिचा खेळ बघावा.