‘मंद’ म्हणण्यापूर्वी : ग्रंथी, संप्रेरके आणि वर्गातील मूल



एखादा विद्यार्थी वर्गात सदा पेंगतो, उत्तर सावकाश देतो, बरोबरीच्या मुलांच्या मानाने उंचीनेही मागे राहतो. त्यास ‘मंद’ ठरविणे सोपे असते. परंतु काही वेळा दोष त्याच्या बुद्धीचा नसून गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचा असतो.

लाळेच्या ग्रंथींचा रस नळीवाटे तोंडात येतो. काही ग्रंथींना मात्र नळी नसते. त्यांचा स्राव थेट रक्तात मिसळून दूरच्या अवयवांपर्यंत पोचतो. अशा स्रावांस संप्रेरके अथवा हॉर्मोन म्हणतात. त्यांचे प्रमाण अत्यल्प, परंतु कार्य मोठे.

गळ्याच्या पुढील भागी फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, असते. तिचे थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीराची वाढ, उष्णता व मेंदूचा विकास यांचे नियमन करते. ते रक्तात कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अवटूस अधिक कामाची आज्ञा देते. पुरेसे झाले की आज्ञा सौम्य होते. परंतु थायरॉक्सिन आयोडीनवाचून तयार होत नाही. आयोडीनच नसेल, तर आटलेल्या विहिरीवर मोट हाकावी तसे होते. श्रम वाढतात, हाती काही लागत नाही आणि ग्रंथी मात्र फुगते. हाच गलगंड.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या विभागांतील शाळकरी मुलांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सहा ते बारा वर्षांच्या मुलास रोज 120 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. घरातील मीठ आयोडीनयुक्त असावे, झाकणाच्या बरणीत व ओलाव्यापासून दूर ठेवावे, एवढे पालकसभेत अवश्य सांगावे.

दुसरे उदाहरण स्वादुपिंडाचे. त्याचे इन्सुलिन रक्तातील साखर पेशींत पोचविते. ते बंद झाल्यास मूल वारंवार पाणी पिते, वारंवार लघवीस जाते आणि खाऊनही वाळत जाते. असे मूल सारखी सुटी मागते म्हणून त्यास रागावणे हा अन्याय होय. उपचारास विलंब झाल्यास प्राणावर बेतते. म्हणून त्यास त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावे.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पाहणे व वेळेवर कळविणे हे मात्र निश्चित आहे. गळ्यावर सूज, खुंटलेली वाढ, कोरडी त्वचा, थंडी न सोसणे, अभ्यासात अचानक घसरण, यांपैकी काही आढळल्यास नोंद करावी, पालकांस सांगावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा ही नोंद पुढे ठेवावी. थायरॉक्सिनची कमतरता रोजच्या गोळीने भरून निघते. मुलाच्या मनावर बसलेला ‘मंद’ हा शिक्का मात्र कोणत्याही गोळीने पुसला जात नाही.