चिखलातले बुडबुडे

भाताच्या खाचरात पाय रोवला, की चिखलातून बुडबुडे येतात. ते कशाचे?

मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. चिमूटभर मातीत ते कोट्यवधी असतात. पालापाचोळा कुजवून ते पिकाला अन्न देतात. ते आपले सोबतीच.

पण खाचरात पाणी साचून राहिले, की मातीत हवा शिरत नाही. मग हवेवाचून जगणारे जीव माजतात. ते मिथेन नावाचा वायू सोडतात. थोडा वायू बुडबुड्यांतून येतो. पुष्कळसा भाताच्या ताटांतून वर जातो. हवेत जाऊन तो घोंगडीसारखी ऊब धरतो. पृथ्वी तापते, पाऊस लहरी होतो. नुकसान आपलेच!

युरियाचेही तसेच. गरजेपेक्षा जास्त टाकला, तर मातीतले जीव त्याचाही वायू करतात. हा वायू कर्बवायूच्या सुमारे २७३ पट ऊब धरतो. आपला पैसा असा वाऱ्यावर जातो.

मग भात सोडायचा का? मुळीच नाही. पावसाचे पाणी आपल्या हातात नाही. पण उन्हाळी भाताचे आहे. लावणीनंतर रोप धरले, की भोके पाडलेली नळी खाचरात रोवावी. नळीतले पाणी मातीखाली १५ सेंटिमीटर गेले, की पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडू नये. असे केल्याने मिथेन निम्म्यावर येऊ शकतो. पीक घटत नाही, पाणीही वाचते.

युरिया बेताने, दोन-तीन हप्त्यांत द्यावा. पाटाच्या पाळ्या शेजाऱ्यांनी मिळून ठरवाव्या. एकट्याचे हे काम नव्हे. चला, यंदा आपण करून पाहू!