गळ्यावरची गाठ आणि न दिसणारी खूण
(रौप्यमहोत्सवी आरोग्य कार्यक्रमातील भाषण)



कमिटीने बोलायला सांगितलं, तेव्हा सर्जन म्हणून मी थायरॉईडचा विषय मागून घेतला. गळ्याला गाठ दिसली की घरात पहिलं वाक्य येतं, "ऑपरेशन नको, खूण राहील, मुलीचं लग्न व्हायचंय." मग गाठ ओढणीखाली जाते आणि वर्षं निघून जातात.

थायरॉईडच्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण हे तपासल्याशिवाय कळत नाही. रक्ताची टीएसएच तपासणी, गळ्याची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईची तपासणी, एवढ्यावर बरंच कळतं. पुष्कळांना ऑपरेशन लागतही नाही.

लागलंच, तर नेहमीची पद्धत म्हणजे गळ्याच्या घडीत आडवा छेद. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी हे ऑपरेशन सुरक्षित केलं आणि १९०९ साली त्यांना नोबेल मिळालं. आता खालच्या ओठाच्या आतून तीन छोट्या छिद्रांतून दुर्बिणीनेही गाठ काढता येते. बँकॉकचे डॉ. अंगकून अनुवोंग यांनी अशा ६० रुग्णांचा अनुभव २०१६ साली प्रसिद्ध केला. काही ठिकाणी काखेतून जातात. याला 'बिनखुणेचं' म्हणतात. खरं तर खूण असते, फक्त दिसत नाही. आणि आत काम तेवढंच मोठं असतं.

म्हणून डॉक्टरांना खुणेच्या आधी दोन गोष्टी विचारा. पहिली, आवाजाची नस. ती थायरॉईडला अगदी चिकटून जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो. आपल्या भिवंडीत लूमच्या खडखडाटात ओरडून बोलणाऱ्याचं किंवा शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं पोट आवाजावर असतं. दुसरी, कॅल्शियम सांभाळणाऱ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी. त्या दुखावल्या तर बोटांना, ओठांना मुंग्या येतात. डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशनं केलीत, हेही विचारा. विचारण्यात संकोच कसला?

खूप मोठी गाठ किंवा पसरलेला कॅन्सर असेल, तर उघड्या छेदाचंच ऑपरेशन बरं.

आज घरी आरशासमोर मान थोडी वर करून पाण्याचा घोट घ्या. घोटाबरोबर गाठ वर सरकली, तर डॉक्टरांना दाखवा. मुलीच्या गळ्यावरची बारीक रेघ चालेल, लपवलेली गाठ नको.

रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.