वाचनालयाचा प्रॉक्सी सर्व्हर : निगा आणि नूतनीकरण



डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. ज्या पुस्तकाला रोज मागणी असते, ते जाणता ग्रंथपाल आतल्या कपाटात कोंडून ठेवीत नाही. देवघेवीच्या मेजाजवळ हाताशी ठेवतो. कॅश राखणारा प्रॉक्सी सर्व्हर आंतरजालावरील पानांच्या बाबतीत नेमके हेच करतो. एका वाचकाने मागविलेले पान तो आपल्या डिस्कवर उतरवून घेतो आणि दुसऱ्याने तेच मागितले की दूरच्या सर्व्हरकडे न धावता आपल्याजवळची प्रत पुढे करतो.

ही कल्पना १९९४ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेच्या सर्व्हरमध्ये रूढ झाली. पुढे कोलोरॅडो विद्यापीठातील हार्वेस्ट प्रकल्पातून एक स्वतंत्र कॅश निघाली आणि तिच्यातूनच १९९६ मध्ये ड्वेन वेसल्स यांनी ‘स्क्विड’ सिद्ध केला. स्क्विड म्हणजे कोकणात जिला माकूळ म्हणतात तो जलचर. चांगली नावे आधीच संपली होती, असे या नावाचे कारण सांगितले जाते! भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आंतरजाल सर्वांसाठी खुले केले. टेलिफोनच्या तारेवरून, तासांच्या हिशेबाने पान उतरविण्याचे ते दिवस होते. लिनक्सही विनामूल्य आणि स्क्विडही विनामूल्य, म्हणून बेताच्या पैशांत चालणाऱ्या संस्थांना ही जोडी मानवली.

समजा, लष्करातील नई सडकेवरच्या वाचनालयात आठ-दहा संगणक एकाच जोडणीवर चालवायचे आहेत. पहिला प्रश्न शिळेपणाचा येतो. जवळची प्रत कधीपर्यंत ताजी मानावी? मूळ सर्व्हरने मुदत दिली असेल तर तीच पाळावी. नसेल तर स्क्विड पानाच्या वयावरून अंदाज बांधतो. प्रचलित नियम वीस टक्क्यांचा आहे. उतरविताना पान दहा दिवसांपूर्वी बदललेले असेल, तर ते पुढचे दोन दिवस ताजे मानले जाते. मात्र ही सवलत तीन दिवसांपलीकडे जात नाही. मुदत संपली तरी प्रत फेकली जात नाही. ‘अमुक तारखेनंतर बदल झाला काय?’ एवढेच मूळ सर्व्हरला विचारले जाते आणि ‘नाही’ असे त्रोटक उत्तर आले की जुनीच प्रत पुन्हा चालू होते.

निगेतील सर्वांत मोठी चूक डिस्कच्या लोभाने होते. साठवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद मेमरीत ठेवावी लागते. ६४ बिटांच्या यंत्रावर दर गिगाबाइट कॅशमागे साधारण १४ मेगाबाइट मेमरी निव्वळ सूचीत जाते. शंभर गिगाबाइटांची कॅश मांडली तर सुमारे १.४ गिगाबाइट मेमरी गेलीच. ती पुरेनाशी झाली आणि यंत्र मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकू लागले की, वेग वाढविण्यासाठी आणलेला सर्व्हरच सर्वांना खोळंबून ठेवतो. दुसरी चूक नोंदवहीची. प्रत्येक मागणी वहीत उतरते. ती वेळच्या वेळी फिरवली नाही तर डिस्क भरते आणि सर्व्हर बंद पडतो. कॅश स्वतः गेली तरी शोक करू नये, ती पुन्हा भरते. जपायची ती नियमांची फाइल. तीत वरून खाली पाहताना जो नियम प्रथम लागू पडेल तोच निर्णायक असतो. म्हणून शेवटचा नियम ‘बाकी सर्वांना मनाई’ हाच असावा, नाहीतर परगावचे अनोळखी लोक वाचनालयाच्या नावावर आपला व्यवहार करतील.

चालते यंत्र कशाला हलवा, हा विचार घरच्या पंख्याला शोभतो, सर्व्हरला नव्हे. एका सुरक्षा-संशोधकाने २०२१ साली स्क्विड तपासला आणि २०२३ मध्ये ५५ दोष प्रसिद्ध केले. त्यांतले पुष्कळ तेव्हा दुरुस्तही झालेले नव्हते. नवी आवृत्ती आणताना मात्र घाई नको. मधल्या काळात काही सूचनांची नावे बदलली आहेत, काही काढून टाकल्या आहेत. जुन्या नियमांची प्रत ठेवावी, नव्या आवृत्तीकडून त्यांची आधी निव्वळ तपासणी करवून घ्यावी, आणि नवा सर्व्हर नेहमीच्या ३१२८ ऐवजी दुसऱ्या पोर्टवर, वेगळ्या कॅशसह, एकाच संगणकापुरता चालवून पाहावा. तो नीट चालला की वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी बदल करावा. जुना सर्व्हर थांबविताना तो चालू मागण्यांसाठी तीस सेकंद वाट पाहतो. तेवढा धीर धरावा.

आता खरा पेच. आज बहुतेक संकेतस्थळे आपला मजकूर कूटबद्ध करून पाठवितात. प्रॉक्सीला केवळ स्थळाचे नाव कळते; आतले पान दिसत नाही, म्हणून साठविताही येत नाही. आठ संगणकांवर लिनक्सची तीच अद्ययावत पॅकेजे उतरविताना कॅश अजून कामास येते, पण १९९६ ची बचत आता होणे नाही. स्वतःचे प्रमाणपत्र बसवून तो कूटबद्ध मजकूर वाटेत उघडण्याची सोय स्क्विडमध्ये आहे. वाचनालयाने ती वापरू नये. सभासदाचे बँकेचे व्यवहार आणि खासगी पत्रे त्या वाटेने जातात. बचतीच्या मोबदल्यात ती उघडणे म्हणजे टपाल फोडून वाचण्यासारखेच होय.

कूटबद्ध नसलेल्या पत्त्यांतील प्रश्नचिन्हानंतरचा भाग स्क्विड मुळातच नोंदवीत नाही. ती व्यवस्था मोडू नये. कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक नेले हे जसे चौकात सांगत नाहीत, तसेच कोणी कोणते स्थळ पाहिले हेही. वही किती दिवस ठेवायची आणि ती कोणी पाहायची, हे सर्व्हर सुरू होण्यापूर्वी कार्यकारिणीने ठरावात लिहून ठेवावे. कायद्याने काही मुदत घातली असल्यास ती पाळावी. एरवी स्क्विडची मूळ योजना दहा जुन्या वह्या राखण्याची आहे आणि रोज रात्री वही फिरवली तर ती दहा दिवसांची होते.