घाटात दम टाकणारी गाडी
(वार्षिक समारंभात तांत्रिक वर्गाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. माझी हयात डिझेल गाड्यांखाली गेली. म्हणून त्याच विषयावर चार शब्द बोलतो.

फर्दापूरहून अजिंठा गावाकडे घाट चढणारी वाहने तुम्ही नेहमी पाहता. काही महिन्यांपूर्वी जळगावकडून केळी घेऊन येणारी एक पिकअप या चढावर थांबली. सपाटीला गाडी ठीक. चढाला लागली की इंजिनाचा दिवा पेटे आणि ओढ जाई. मालक पंचविशीचा मुलगा, गाडी कर्जावर घेतलेली. मला म्हणाला, "चाचा, एका गॅरेजवाल्याने मशीन लावून पाहिले. प्रेशर कमी आहे, पंप बदला म्हणतो." पंपाची किंमत ऐकूनच त्याचा चेहरा उतरला होता.

मित्रहो, आधी हे प्रेशर म्हणजे काय ते समजून घ्या. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडावा लागतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले, तेव्हा डिझेलला आत ढकलण्यासाठी दाबाची हवा वापरत. पुढे १९२७ पासून बॉश कंपनीचे पंप कारखान्यातून निघू लागले. जुन्या जीप-ट्रॅक्टरचे नोझल साधारण १०० ते २०० बारला उघडे. १९९७ पासून मोटारींत कॉमन रेल आली. तिच्यात सर्व इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल मिळते आणि दाब १,६०० बार किंवा त्याहूनही वर जातो. मोटारीच्या टायरात हवा असते सुमारे २ बार. यावरून कल्पना करा.

आता दोष घाटातच का दिसतो? सपाटीला डिझेल थोडे लागते, तेवढे अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधूनही येते. चढावर मागणी वाढते, पुरवठा अपुरा पडतो, रेलचा दाब उतरतो आणि कॉम्प्युटर इंजिनाची ताकद आवळतो. मशीनवर 'पी ००८७' हा कोड येतो. त्याचा अर्थ एवढाच की दाब कमी आहे. तो का कमी आहे, हे शोधणे तुमचे काम.

शोध स्वस्तापासून महागाकडे न्यावा. प्रथम टाकीत डिझेल आहे ना, झाकणाचे हवेचे छिद्र बुजले नाही ना, फिल्टरमध्ये पाणी नाही ना, हे पाहा. मग फिल्टर बदला. पंपाकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या नळीत पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहा. बुडबुडे दिसले तर कोठेतरी हवा शिरते आहे. पंप डिझेल ओढून घेत असेल तर त्या बाजूची चीर बाहेर गळत नाही, उलट हवा आत घेते. म्हणून ती सहजी सापडत नाही.

तेथे दोष नसेल तर इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या सारख्या मापाच्या बाटल्यांत सोडा आणि इंजिन काही मिनिटे चालवा. एखादी बाटली इतरांपेक्षा फार भरली, तर तो इंजेक्टर दाब वाया घालवतो. त्यानंतर प्रेशर व्हॉल्व्ह, सेन्सर आणि वायरिंग. गाडी बराच वेळ बंद असताना सेन्सरने शून्याच्या आसपास दाब दाखवला पाहिजे. पंपाची पाळी शेवटी. मात्र फिल्टरमध्ये धातूचा चमकता चुरा निघाला तर पंप झिजतो आहे असे समजा. मग रेल, नळ्या, टाकी सगळेच तपासून साफ करावे लागते.

त्या पिकअपची फिल्टरजवळची रबरी नळी क्लिपखाली चिरली होती. नळी आणि फिल्टर बदलला. गाडी केळीसह घाट चढून गेली.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. जुन्या इंजिनात चालू इंजिनाचा एकेक नोझल-नट ढिला करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते आम्ही ओळखत असू. उस्तादांनी तसेच शिकवले. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतले मांस सडू लागते आणि बोट किंवा हात जाऊ शकतो. असे झाले तर घरी हळद लावून बसू नका. तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत शिरले असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठा धरा.

उस्तादांचे सगळे शिका, पण इंजिन बदलले की रीतही बदलली पाहिजे. आणि पार्ट बदलण्याआधी तपासणी करा, कारण तो पैसा कोणाच्या तरी कर्जाच्या हप्त्याचा असतो.