मुलींची प्रतवारी



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकावर आणि वाचनालयात झाले. अशा माणसाने वयात येणाऱ्या मुलींच्या मनाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या बायांची संघटना आम्ही बांधतो, त्यांच्या लेकी त्याच वयाच्या आहेत, आणि मजुरीच्या जोडीने हा विषयही बैठकीत निघतोच.

१९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि 'ग्रेडर' हा शब्द वऱ्हाडात घरोघर गेला. गाडीतल्या कापसात हात घालायचा, धागा ओढून पाहायचा, रंग पाहायचा, ओल पाहायची आणि प्रत ठरवायची. प्रत उतरली की भाव उतरला. त्यावरून केंद्रांवर किती भांडणे झाली, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. ती योजना गेली; ग्रेडर मात्र आमच्या ओसरीवर येऊन बसला. मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली की आत्या, मावशी, शेजारीण, जी येईल ती तिची प्रत सांगते. रंग जरा दबलेला, दात पुढे, अंगाने सुटली, नाहीतर पार काडी! कापसाला ऐकू येत नाही. मुलीला येते.

ही प्रतवारी कोणासाठी, तर घेणाऱ्यासाठी. वधू पाहिजे म्हणून येणाऱ्या जाहिरातींतले 'गोरी', 'सडपातळ' हे शब्द पाहा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. तरीही मुलीच्या रंगावर देण्याघेण्याचा आकडा खालीवर होतो, हे तुम्हां-आम्हांस ठाऊक आहे. व्यापाऱ्यांनी हे बरोबर हेरले. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. आता तर मोबाईलच चेहरा गोरा नि गुळगुळीत करून देतो. मग आरशातला चेहरा पोरीला परक्याचा वाटू लागतो.

आमच्या सभासद बायांचेच पाहा. कापूस वेचणारी बाई किलोमागे मजुरी घेते, दिवसभर उन्हात वाकते. घर तिच्या रापलेल्या हातांवर चालते. तीच संध्याकाळी लेकीला म्हणते, "उन्हात नको जाऊ वं बाई, काळी पडशीन." एका बैठकीत आम्ही विचारले, "तुमच्या रंगाने तुमचे काय अडले?" एक बाई म्हणाली, "भाऊ, माह्यं अडलं, म्हणूनच तिले सांगतो." सारी बैठक गप्प झाली. आईला दोष देणे सोपे आहे. पण तिने तो कमी भाव स्वतः भोगलेला असतो.

ही लाज ताटापर्यंत जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींत ५९ जणींच्या अंगी रक्त कमी आढळले. यात गरिबी आहे, बायकांनी शेवटी जेवायची रीत आहे. आणि त्यात आता 'जाड होईन' म्हणून रात्रीची भाकर टाळणाऱ्या पोरींची भर पडते. रक्त कमी म्हणजे धाप, थकवा, अभ्यासात लक्ष न लागणे. मग 'आळशी' ही आणखी एक प्रत तिला मिळते.

यावर भाषणाने फारसे होत नाही. (हे आम्ही भाषणातच सांगत आहोत, चालायचेच.) शेजारी अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्यांचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. त्या देशी खेळांतला दोरीचा मल्लखांब आज मुली करतात. अवश्य पाहा. सुती दोर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमट्यात धरायचा आणि वर जायचे. तेथे मांडी जाड की बारीक, याची चौकशी पकड बसते की नाही एवढ्यापुरतीच होते. ज्या देहाची पोरीला घरात लाज वाटत होती, तोच देह तिला दहा हात उंच तोलून धरतो, आणि हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. अकोल्यात वस्तीवस्तीत मुलींना संध्याकाळी खेळता येईल अशी जागा हवी. तेथे दिवा हवा, स्वच्छतागृह हवे, शिकवणारी बाई हवी. दहावी आली की मुलींचा खेळाचा तास गणिताला देऊन टाकतात, तेही बंद व्हावे. महानगरपालिकेकडे द्यायचा अर्ज आम्ही बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर असेल. सह्या कराव्यात, आणि मुली बरोबर आल्या असतील तर आधी त्यांची सही घ्यावी.